परकोटाची मोजणी

नवतपाचा तिसरा दिवस. सकाळी साडेसहालाच
जुम्मा दरवाजाशी आम्ही तिपाई रोवली.
शेषराव उईकेंच्या हाती प्रिझमची काठी,
माझ्या हाती झेरॉक्सची झेरॉक्स:
तिच्यात तट म्हणजे एक तुटक रेघ,
आणि रेघेच्या अंगाला कुणाच्या तरी पेन्सिलीत
बारीक अक्षरात, "अंदाजे".

काम सोपं होतं.
भिंत होती तिथे आता काय आहे, ते लिहायचं.

एकवीस मीटरवर भांड्यांचं दुकान.
मागची भिंत हातभर नाही, पुरुषभर जाड.
"कूलर लागत नाही आमाले," मालक म्हणाले
आणि पितळी घागर मुद्दाम तिच्यावर वाजवली.
त्रेसष्टवर पिठाची गिरणी.
एकशे चारवर काही नाही, म्हणजे रस्ता,
रस्त्याखाली गटार, गटाराच्या कडेला
चुन्यात बसवलेले सात काळे दगड
आणि त्यांच्यावर दाढी करणारा एक माणूस.

कमानीखालून जाताना शेषराव मान लववतात.
कमान तर दोन हत्ती उंच. मी विचारलं.
"सवय हाय, बाई. बाप वाकत होता.
बापाचा आजा रात्रीची मोळी घेऊन यायचा,
मोठा दरवाजा लागलेला,
दिंडीतूनच घेत होते आत."
दिंडीची पाटी केव्हाच भंगारात गेली असणार.
वाकणं तेवढं सहीसलामत पोचलं आहे,
चार पिढ्या, एका पोलादी काठीपर्यंत.

मग उतार घेतला. नाग नदीकडे जमीन
दर पावलाला इतकी थोडी झुकते
की पायाला कळत नाही, पाण्याला कळतं.
पश्चिमेला टेकडी उभी, तटाच्या बाहेर.
कागद गुडघ्यावर ठेवून मी चिडलेच:
एवढी उंच जागा मोकळी सोडायची
आणि खाली सपाटीला भिंत घालायची?
पुढे तोफा चढल्याच ना तिथे.
"राजाले टेकडी दिसली नसंन का?"
शेषराव हसले. "दिसली असंन.
पन पानी सोडून गाव कोन वसोते?"

साडेअकराला आकडे तरंगायला लागले.
डांबरावरून वाफ, वाफेत प्रिझम,
प्रिझमच्या जागी कधी बुरूज, कधी स्कूटर.
चंद्रकोरीसारखा फिरून तट परत आला
तर पहिल्या खुणेशी जुळेना.
दीड मीटरची फट. तीनदा बेरीज केली.
एवढ्या फटीतून एक मोळीवाला आरामात जाईल,
थोडा आडवा झाला तर.

चार वाजता पुन्हा निघालो, उलट्या दिशेने.
दुर्पताबाई पौनीकरांचं घर तेव्हा लागलं,
सकाळी बंद होतं. मी बाहेरून अंदाज धरला होता.
आत मागचा खणच्या खण तट.
मागाचा खड्डा बुजवून तिथे शेगडी ठेवलेली,
पण वर, छातीच्या उंचीवर,
दोन दगडांच्या सांध्यात बाभळीची खुंटी.

"सासऱ्याचा ताणा इथंच बांधत होते.
त्याच्या बापाचाबी.
जितकं वढसान तितकं सूत घट्ट."

कोणती फौज या भिंतीने अडवली,
माझ्या नोंदवहीत त्याला रकाना नाही.
तिच्यावर लुगड्यांचे किती हात ताणले गेले,
त्यालाही नाही.
एक रकाना आहे: "धारकाचे नाव".
मी पेन उघडून बसले.
दुर्पताबाईंनी माझ्याकडे, मग लाल रंगाच्या डब्याकडे पाहिलं.
"मोजता तं मोजा. रंग नका लावू.
रंग लागला का मंग लोकं येतेत."

शेषरावांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं.
आणि माझ्याकडे न पाहता
खुंटी धरून एकदा हलवली,
मग दोन्ही हातांनी.

हलली नाही.